मोरेसाहेबांचा शब्द

"मोस्यो मोरो, सगळ्यांच्या चाव्या रोज बोर्डावर लागतात, तुमची तेवढी नसते. गाडेकर माझा जीव खातात त्यावरून," असं मी हसत हसत म्हटलं, आणि आरशासमोर टाय बांधणाऱ्या त्या माणसाचा हात गाठीवरच थांबला.

"कुठला बोर्ड?" त्यांनी विचारलं.

मी कौतुकाने सांगायला लागले. गाडेकर सुपरवायझरांच्या केबिनमध्ये प्लायवूडचा एक बोर्ड आहे, त्यावर ओळीने खिळे ठोकलेत, प्रत्येक खिळ्याखाली एकेका फिटरचं नाव आहे आणि तुम्ही फ्रान्सहून आणलेल्या त्या लाल कुलपांच्या चाव्या तिथे टांगलेल्या असतात. एकही हरवलेली नाही. आमच्याकडे अशी शिस्त क्वचितच दिसते, असंही वर म्हणाले.

मोस्यो मोरो वळले. साठीचा, लालबुंद चेहऱ्याचा माणूस, पण त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यात रक्ताचा थेंब राहिला नव्हता. "घोलप कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

घोलपमामा कुठे आहेत ते मला ठाऊक होतं. अर्ध्या तासापूर्वी मी त्यांना नव्या मशिनच्या, त्या प्रेसच्या, मागच्या बाजूने आत शिरताना पाहिलं होतं. सकाळी मोस्यो मोरोंनीच त्यांना खालच्या डायजवळ तेलाचे थेंब दाखवले होते आणि पूजेच्या वेळी पाहुण्यांसमोर गळती नको म्हणून ते नट आवळायला गेले होते. जाताना त्यांनी मेन स्विचला आपलं लाल कुलूप लावलं, चावी केबिनमधल्या बोर्डावर टांगली आणि मग आत गेले. सगळं अगदी सांगितल्याप्रमाणे.

"म्हणजे घोलप आत आहे," मोस्यो मोरो सावकाश म्हणाले, "आणि त्याची चावी दुसऱ्याकडे आहे."

बाहेर लाउडस्पीकरवर गुरुजींचा आवाज आला. मुहूर्त बारा वीसचा, यजमानांनी मशिनजवळ यावं. माझ्या घड्याळात बारा वाजून बारा मिनिटं झाली होती.

हे कुठलं, कधीचं, ते सांगायला हवं. साल चौऱ्याण्णव. नगरच्या एमआयडीसीत बोरुडेसाहेबांचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना होता. त्यांनी फ्रान्समधल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून मोठा हायड्रॉलिक प्रेस विकत घेतला. दोन मजली उंच धूड ते. वर रॅम, म्हणजे दाबणारा लोखंडी ठोकळा, खाली डाय, म्हणजे साचा, मध्ये पत्रा ठेवायचा, दोन हिरवी बटणं दोन हातांनी दाबायची, की रॅम खाली येतो आणि पत्र्याचं पातेलं होतं. प्रेस बसवून द्यायला तिकडून हे मोस्यो मोरो आले. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. म्हणून पुण्याहून दुभाषी आणली, ती मी. यामिनी कारखानीस. वय चोवीस, फ्रेंचचा डिप्लोमा, चार शिकवण्या. आडनाव कारखानीस, पण कारखाना आतून कसा असतो ते तोवर बघितलेलं नव्हतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं काय असतं, ते माझ्याकडे बघून कळलं असतं कुणालाही.

कामगारांनी मोरोंचे मोरेसाहेब केले होते. शिवराम घोलप हे त्यांच्यातले सगळ्यात जुने फिटर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, तीस वर्षं प्रेसच्या धडधडाटात काढून कान जवळजवळ गेलेले. मी त्यांना मामा म्हणायचे, ते मला बाई म्हणायचे. रोज डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या ताटात वाढून "खावा, पुन्याला असली मिळत न्हाई" असं बजावायचे.

पहिल्याच दिवशी मोरेसाहेबांनी सगळ्यांना समोर बसवून एक शब्द शिकवायला घेतला. कोंसिन्यासियों. त्या एका शब्दावर ते वीस मिनिटं बोलले. माझ्या डिक्शनरीत त्या शब्दापुढे जे काही होतं त्याचा मशिनशी संबंध नव्हता. मी त्यांना एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, कारण समोर बोरुडेसाहेब बसले होते आणि पुण्याहून आणलेल्या बाईला फ्रेंच येतं की नाही असा त्यांचा चेहरा होता. मग मी वीस मिनिटांचं एक वाक्य केलं. मशिन दुरुस्त करायच्या आधी मेन स्विच बंद करायचा आणि आपापलं लाल कुलूप लावायचं, मग कुणाला काही होत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. गाडेकरांनी मागून विचारलं, चाव्यांचं काय करायचं? चाव्या ऑफिसात ठेवा, हरवायला नकोत, असं उत्तर त्यांना मिळालं. ते उत्तर कुणी दिलं ते पुढे येईलच.

तर बारा वाजून बारा मिनिटं. मोरेसाहेब टाय अर्धवट सोडून धावले आणि दाराच्या पायरीवरच त्यांचा दुखरा गुडघा लचकला. भिंतीला धरून ते ओरडले, "तुम्ही धावा! मादमुआझेल, धावा!"

मी धावले. समारंभ म्हणून आईची पैठणी नेसले होते, ती दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत उचलली, चपला पायरीशी काढून टाकल्या आणि पटांगणातून पळत सुटले. पाहुण्यांच्या गाड्या उभ्या होत्या, जेवणाचा मांडव होता, आचारी जिलब्या तळत होते. कुणीतरी म्हणालं, अहो ताई, सावकाश, अजून मुहूर्त आहे.  एकच विचार होता. गाडेकरांनी ते कुलूप काढलेलं नसू दे. देवा, ते कुलूप तिथेच असू दे.

प्रेस शॉपच्या दाराशी पोचले आणि पायाखालून हलकी थरथर जाणवली. पंप चालू होता.

मेन स्विचचा दांडा वर केलेला होता. गाडेकर त्याच्याजवळ नवे कपडे घालून उभे होते. त्यांच्या हातात घोलपमामांचं लाल कुलूप होतं, उघडं. मला बघून ते हसले आणि कुलूप दाखवत म्हणाले, "मामा इसरून जेवायला गेले बघा. बरं झालं, चावी बोर्डावर होती."

प्रेसच्या समोरच्या बाजूला झेंडूचं तोरण होतं आणि वरपासून खालपर्यंत केशरी कापड सोडलेलं होतं. पूजा झाली की ते ओढायचं, अशी कल्पना बोरुडेबाईंची. त्या कापडामागे काय आहे ते शंभर माणसांपैकी कुणालाही दिसत नव्हतं. आणि आत मामा होते. पाठमोरे, वाकलेले, बहिरे.

बटणांच्या टेबलापाशी खुर्चीवर बोरुडेसाहेबांची आई बसली होती. आक्का. ऐंशी वर्षांची, हिरवं लुगडं, हातभर बांगड्या. दोन हिरव्या बटणांवर तिचे दोन थरथरते तळवे ठेवलेले आणि तिच्या कोपरांना बोरुडेसाहेबांनी आधार दिलेला. गुरुजी मंगलाष्टकाच्या सुरात काहीतरी म्हणत होते. पत्रा न ठेवता, पहिल्या मोकळ्या फेरीने मशिनचं उद्घाटन व्हायचं होतं.

मला ओरडायचं होतं. थांबा, आत माणूस आहे. एवढे चार शब्द. माझी बोबडी वळली. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते फ्रेंच. "कोंसिन्ये! कोंसिन्ये!" मी किंचाळत होते. लोकांनी वळून बघितलं. पाहुण्यांना वाटलं, ही फ्रेंचमधून काहीतरी मंगल बोलते आहे. एक-दोघे हसले. मागच्या रांगेतल्या कुणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

टाळ्यांतच आक्कांनी बटणं दाबली.

केशरी कापड हललं. रॅम खाली यायला लागला. मोकळ्या फेरीत तो हळू येतो, दहा सेकंदं घेतो, हे मीच भाषांतर करून सांगितलं होतं. दोन्ही हात बटणांवर असेपर्यंतच तो उतरतो, हात काढला की जागीच थांबतो, हेही. नशीब माझं की ते तरी बरोबर सांगितलं होतं आणि आठवलंही. मी रांगेतून घुसले, समईला पाय लागून ती कलंडली, आणि आक्कांची दोन्ही मनगटं धरून मी जोरात मागे ओढली. ऐंशी वर्षांची बाई खुर्चीसकट मागे कोसळली. सुनांनी तिला वरच्या वर झेललं. बांगड्या फुटून माझ्या हातात रुतल्या.

पायाखालची थरथर चालूच होती, पण कापड स्थिर झालं होतं.

"वेड लागलंय का हिला?" बोरुडेसाहेब गरजले. त्यांनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं. तेवढ्यात लंगडत मोरेसाहेब आले, कुणाकडेही न बघता त्यांनी तांबडं बटण हातोडा मारावा तसं दाबलं, मेन स्विचचा दांडा खाली ओढला आणि गाडेकरांच्या हातातून कुलूप हिसकावून त्यावर चढवलं. पंप थांबला. सगळा शॉप एकदम शांत झाला.

"आत मामा आहेत," मी मराठीत म्हणाले. आता शब्द फुटला होता.

 गाडेकरांच्या तोंडचं पाणी पळालं. मोरेसाहेब प्रेसच्या मागच्या बाजूला गेले. मी गेले नाही. सांगायला लाज वाटते, पण मी नाही गेले. मी त्या कापडाच्या खालच्या कडेकडे बघत होते. तिथून काही वाहत येतं का, ते. आतून आवाज नव्हता. मोरेसाहेबांचाही नव्हता. मी मनातल्या मनात मामांच्या बायकोला काय सांगायचं ते जुळवायला लागले होते. दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला बोलावलं होतं मला.

मग कापडाचा कोपरा वर झाला आणि घोलपमामा हातात पाना घेऊन चार पायांवर बाहेर आले. डोक्याला रुमाल बांधलेला, तोंडाला काळं तेल. शंभर माणसं आपल्याकडे बघताहेत म्हणून ते ओशाळले.

"लाईट गेली व्हती का?" त्यांनी विचारलं. "एकदम अंधारल्यावानी झालं."

आक्कांनी तेवढ्यात हंबरडा फोडला. त्यांना कळलं होतं, आपल्या हातून काय होणार होतं ते. मामांना मात्र अजून कळलेलं नव्हतं. मोरेसाहेबांनी कापड ओढून काढलं. तोरण तुटून खाली पडलं. रॅम आणि खालचा डाय यांच्यात जेमतेम तीन वितींचं अंतर राहिलं होतं, आणि मामा मघापर्यंत तिथे वाकून बसलेले होते.

पुढचा गोंधळ सगळा सांगत बसत नाही. पाहुण्यांना मांडवात नेलं, आक्कांना घरी पाठवलं. वेळ आली होती पण काळ आला नव्हता, असं जो तो एकमेकांना सांगत होता. शॉपमध्ये आम्ही वीसेक जण उरलो, आणि बोरुडेसाहेब गाडेकरांवर तुटून पडले. आतल्या माणसाची चौकशी न करता कुलूप काढतोस, उद्यापासून तोंड दाखवू नकोस, पोलिसात देतो तुला. गाडेकरांना दोन मुली होत्या, एकीचं लग्न ठरलेलं. ते पुन्हा पुन्हा एकच सांगत होते. चावी बोर्डावर होती, मामा कुठे दिसत नव्हते, म्हणजे बाहेर येऊन जेवायला गेले असणार, असंच वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

आणि मग ते मोरेसाहेबांकडे बोट करून म्हणाले, "चाव्या हापिसात ठेवा असं यांनीच तर सांगितलं व्हतं पहिल्या दिवशी. सगळ्यांनी ऐकलंय."

माना हलल्या. खरंच सगळ्यांनी ऐकलं होतं. बोरुडेसाहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "विचारा त्यांना. असं सांगितलं होतं की नाही?"

त्याच वेळी मोरेसाहेबही माझ्याकडेच बघत होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणतोय तो? विचारा त्याला, चावी बोर्डावर लावायला कुणी सांगितलं?"

आता मघाशी सांगायचं ठेवलेलं सांगते. गाडेकरांनी चाव्यांचं विचारलं तेव्हा मी तो प्रश्न मोरेसाहेबांना सांगितलाच नव्हता. पुन्हा त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं, पुन्हा अर्धं कळायचं, त्यापेक्षा एवढ्याशा गोष्टीला काय विचारायचं, असं वाटलं. आमच्या घरी बाबांच्या ऑफिसच्या चाव्या रोज साहेबाकडे जमा व्हायच्या. मी माझ्याच मनाने म्हणाले, ऑफिसात ठेवा, हरवायला नकोत. मोरेसाहेबांकडे बघून मान हलवली, त्यांनीही सौजन्याने हलवली. झालं.

आणि हे जगात माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. त्या शॉपमध्ये दोन्ही बाजूंचं समजणारी मी एकटी होते. बोरुडेसाहेबांना मी म्हणाले असते की हो, साहेबच म्हणाले होते, तर मोरेसाहेबांना पत्ता लागला नसता. मोरेसाहेबांना म्हणाले असते की गाडेकर विसरला म्हणतो, तर गाडेकरांना पत्ता लागला नसता. झाकली मूठ सव्वा लाखाची. मघाच्या धावण्यापेक्षा मला आता जास्त भीती वाटत होती. पोलीस, पुण्यातलं घर, बाबा, पेपरात नाव, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

मी मोरेसाहेबांना फ्रेंचमध्ये म्हणाले, "काहीतरी गैरसमज झाला, असं म्हणतोय."

होय, म्हणाले मी तसं. लपवत नाही.

घोलपमामा एका पेटीवर बसून पाणी पीत होते. एव्हाना कुणीतरी त्यांना कानाशी ओरडून झाला प्रकार समजावला होता. त्यांनी गाडेकरांना शिवी दिली नाही, मोरेसाहेबांकडेही बघितलं नाही. माझ्याकडे बघून ते अगदी साधेपणाने म्हणाले, "मला काय भ्या वाटलं न्हाई, बाई. तुमी सांगितलं व्हतं ना, लाल कुलूप असलं की काय व्हत न्हाई. मी आपला निवांत व्हतो आत."

त्यांनी मला टोमणा मारला असता तर मी कदाचित सोसून गप्प बसले असते. पण त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. माझ्या एका वाक्यावर तो माणूस जीव ठेवून त्या रॅमखाली निवांत बसला होता.

"चाव्या ऑफिसात ठेवा हे साहेब म्हणाले नव्हते," मी मराठीत म्हणाले.  "मी म्हणाले. त्यांना न विचारता. गाडेकरांची चूक नाही." मग तेच फ्रेंचमध्ये म्हणाले. मला तो शब्द कळला नव्हता आणि कळला नाही हे सांगायची लाज वाटली, हेसुद्धा म्हणाले, दोन्ही भाषांत.

बोरुडेसाहेब एक पाऊल पुढे आले, मला वाटलं, आता हात उचलणार. ते म्हणाले, तुमचं काम संपलं, संध्याकाळची गाडी पकडा. मोरेसाहेबांना त्यांचा स्वर कळला असावा. त्यांनी मला विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. मग त्यांनी माझ्याकडून बोरुडेसाहेबांना निरोप देववला की ही उद्या सकाळी येईल. जिने शब्द अर्धा सांगितला तिनेच तो पुरा सांगायचा. नाहीतर मी आज निघतो आणि तुमचा प्रेस तुमच्याकडे.

रात्रभर मला झोप लागली नाही. डोळा मिटला की कापड हलायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सगळी पाळी प्रेससमोर उभी होती. चाळीस माणसं. बोरुडेसाहेबही हाताची घडी घालून उभे. मोरेसाहेब एकेक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. मी मराठीत सांगायचे, आणि जिथे कळलं नाही तिथे सगळ्यांसमोर विचारायचे. एका वाक्याला पाच वेळा विचारलं. कुणी हसलं नाही.

स्विच बंद करणं म्हणजे कोंसिन्यासियों नव्हे, ते म्हणाले. स्विच बंद करायचा, पाइपातला दाब सोडायचा, रॅमखाली लोखंडी ठोकळे उभे करायचे, मग आत जाणाऱ्या प्रत्येकाने आपलं स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी आपल्या अंगावर ठेवायची. तीन माणसं आत तर तीन कुलपं. चावी साहेबाला द्यायची नाही, दोस्ताला द्यायची नाही, मुताऱ्यांकडे जाताना भिंतीवर टांगायची नाही. आतला माणूस आपल्या पायांनी बाहेर येऊन आपल्या हातांनी कुलूप काढेपर्यंत मशिन त्याचं.

"म्हणजे मालकाचंसुद्धा नाही?" बोरुडेसाहेबांनी विचारलं.

मी ते मोरेसाहेबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मी म्हणाले, "नाही. तेवढा वेळ मालकाचंसुद्धा नाही."

बोरुडेसाहेबांनी हाताची घडी सोडली.

मग मोरेसाहेबांनी तीन कुलपं काढली. एक स्वतः घेतलं, एक मला दिलं, एक घोलपमामांपुढे धरलं. हा शब्द बाहेर उभं राहून कळत नाही, असं ते म्हणाले. त्यांनी ठोकळे लावले, दाब सोडला, दाबाच्या काट्यावरचं शून्य सगळ्यांना दाखवलं. आम्ही तिघांनी कुलपं लावली. गाडेकरांनी एकदा बटणं दाबून पाहिली आणि काही झालं नाही. मग आम्ही तिघं रॅमखाली शिरलो आणि गाडेकरांनी पुन्हा बटणं दाबायची, असं ठरलं होतं.

आत जागा इतकी कमी की मान वाकवूनच बसावं लागलं. डोक्यावर वीतभर अंतरावर तो रॅम, तेलाने चमकणारा, थंडगार. मला सगळं माहीत होतं. ठोकळे होते, शून्य होतं, माझी चावी माझ्या मुठीत होती. तरी माझी पाचावर धारण बसली.  मी मामांकडे बघितलं, कारण काल ते इथेच निवांत बसले होते. मला त्यांच्याकडून धीर हवा होता.

मामा लटपटत होते. काळं कपाळ घामाने ओलं झालं होतं आणि डोळे रॅमवरून हलत नव्हते. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "मामा, काल तर भीती वाटली नव्हती ना?"

"काल मला कुटं ठावं व्हतं, बाई," ते म्हणाले. "आज कळलं."

बाहेर गाडेकरांनी हिरवी बटणं दाबली. खट्, असा आवाज आला, दोनदा. मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. काहीच झालं नाही. पंप लागला नाही, वरचं लोखंड हललं नाही. मोरेसाहेबांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि आम्ही एकामागून एक बाहेर आलो.

मोरेसाहेबांनी आपलं कुलूप काढलं. मी माझं काढलं. शेवटी मामा पुढे झाले. त्यांचा हात इतका कापत होता की चावी भोकात जाईना. एकदा ती खाली पडली, वाकून त्यांनी उचलली, सदऱ्याला पुसली, पुन्हा लावली, पुन्हा घसरली. गाडेकर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. सवयीने त्यांचा हात पुढे झाला आणि त्यांनी तो मागे घेऊन पाठीशी धरला. बोरुडेसाहेबांच्या मागे सकाळची सगळी पाळी खोळंबली होती. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मामा चावी लावत होते. चाळीस माणसं उभी होती आणि मामांच्या हातातून ती चावी कुणीही घेतली नाही.